शेकाट्याचा वाफा

नाही म्हटलं ना, नाही! आणखी किती वेळा विचारशील? आणि ती खुर्ची दारातून काढ आधी, परेश. सख्खा भाचा झालास म्हणून म्हाताऱ्या आत्याच्या दारात खुर्ची आडवी टाकून बसायचं? — हो, घर तुझं आहे, ठाऊक आहे मला, दर वेळी आठवण कशाला करून देतोस — विजेचं बिल तुझ्याच नावाने येतं, ते खालच्या पेटीतून मीच आणत होते, लिफ्ट चालू होती तोवर. आता लिफ्ट बंद. सेक्रेटरीला गॅलरीतून हाक मारून विचारलं तर म्हणतो, परेशशेठ सांगतील तेव्हा मिस्त्री येईल. परेशशेठ काही सांगत नाहीत. माझे गुडघे तुला माहीत आहेत, तीन मजले उतरले तर परत चढता येणार नाही हेही माहीत आहे. आणि उद्या सकाळी मात्र त्याच परेशशेठची माणसं मला या खुर्चीत बसवून अलगद खाली नेणार, गाडीत घालणार, तळ्याच्या काठावर नेऊन उभी करणार — कशासाठी? तर आत्याने तळं बघायला येणाऱ्या समितीसमोर एक वाक्य बोलायचं. एकच. 'साहेब, इथे आमचं मिठागर होतं.' झालं. आणि वर मला म्हणतोस, आते, मी काय तुला खोटं बोलायला सांगतोय का? खरं तेवढं सांग!

हेच डाचतं मला. खोटं बोल म्हणाला असतास ना, तर चप्पल काढली असती आणि तुला करंजाड्याच्या नाक्यापर्यंत पळवलं असतं, गुडघे गेले खड्ड्यात. पण तू आलास खरं घेऊन. देवाच्या प्रसादासारखं हातावर ठेवलंस — घे आते, खरं आहे, खा.

मला अडाणी समजू नकोस हां. शाळेची पायरी चढले नाही, पण मिठाच्या गोणीवरची अक्षरं बोटाने गिरवत वाचायला शिकले, आणि मग पुडीचा कागद म्हणून कधी न वाचता फेकला नाही — भज्यांच्या तेलात भिजलेला अग्रलेखसुद्धा वाचलाय मी. म्हणून अशी छापल्यासारखी बोलते, तुझ्या बायकोला हसू येतं, येऊ दे. चिडले की आगरी येतं तोंडात, ते वेगळं. तर नियम मी वाचलाय. नोटाबंदीच्या पुढच्या वर्षी पाणथळ जागांचा नवा नियम आला, तो साबिराच्या नातीने मला मराठीत लिहून दिला — शबनमने, दुसऱ्या मजल्यावरची, गळ्यात दुर्बीण अडकवून हिंडते ती. पहिल्या ओळी वाचल्या आणि काय सांगू, ऊर भरून आला. पाणथळ म्हणजे काय, तर जिथे पाणी साचतं, गोडं असो, खारं असो, आपसूक आलेलं असो की माणसाने आणलेलं असो — मला वाटलं, सरकारचा माणूस आपल्याच बांधावर बसून हे लिहून गेला आणि आपल्याला चहा विचारायचं राहिलं. आणि मग पुढे आलं — वगळून. नद्या वगळून, भातशेती वगळून, आणि मिठागरं वगळून. मी शबनमला म्हटलं, अगं लिहिताना चुकलीस. पोरीने मान खाली घातली. म्हणाली, नाही आजी, तसंच आहे.

म्हणजे कळलं का? — तुला कळलंय, म्हणून तर आलास. खाजण होतं म्हटलं, भरती-ओहोटीचं, समुद्राचं, तर त्या तळ्याला कुणी हात लावायचा नाही. आणि मिठागर होतं म्हटलं तर ते पाणथळच नव्हे. मग टाका मुरूम, करा सपाट, ठेवा त्याच्यावर कंटेनर, जासईला ठेवलेत तसे एकावर एक. रोहित पक्षी आले तर त्यांनी कंटेनरवर बसावं. आणि दोघांपैकी काय होतं ते सांगणारा कागद नाही कुठे! दहा एकरांच्या आतलं आगर, त्याला परवाना लागत नव्हता, सातबाऱ्यावर पहिल्यापासून 'खाजण' लिहिलेलं, जमीन सरकारने घेतली तेव्हाही तेच लिहून घेतली. बांध कधीच गाळाखाली गेले. ज्यांनी तिथे मीठ ओढलं ते माझे सासरे गेले, आमचे हे गेले, महादेव कोळी गेला, सोनाबाई परवा गणपतीत गेली. राहिले कोण? तुझी वेणूआत्या. म्हणून आलास. एरवी दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला येतोस तेवढा.

आता का रे गप्प? मघापासून तोंडाचा पट्टा चालू होता — भरावाचे डंपर उभे आहेत, काम देणारी पार्टी रोज फोन करते, ड्रायव्हरांना काय सांगू — आणि एकदम मोबाईल टीपॉयवर उपडा टाकलास आणि हाताची घडी घालून बसलास. बस. बरं झालं. या घरात कुणी माझं ऐकून घ्यायला बसलं त्याला जमाना झाला.

काय म्हणालास? — आठवत नाही? मीठ कसं पिकायचं ते तुला आठवत नाही? परेश, अरे लाज वाटते का! तुझे आईबाप गेले तेव्हा तू पाळण्यातला, तुला मिठाच्या टोपलीत निजवून बांधावर ठेवायची मी, तोंडावर ओला पदर टाकून, आणि तू विचारतोस कसं पिकायचं? मीठ काय वाण्याच्या गोणीत पिकतं? ऐक मग. दसरा झाला की आमचं सुरू. आधी आतलं पावसाचं पाणी काढून टाकायचं, बांध लिंपायचे, आणि मग तळ तुडवायचा. मातीचा तळ, पायाने, ओळीने उभं राहून, बायका पुढे, पुरुष मागे, टाच मारत मारत — असा घट्ट करायचा की वरचं पाणी आत जिरता कामा नये, तव्यासारखा. जिथे एका पायाने आळस केला तिथे मीठ काळं पडायचं, आणि सासरे बरोबर ओळखायचे, हा कुणाचा पाय. माझ्या पायाखाली कधी काळं पडलं नाही! विचार कुणालाही — कुणाला विचारशील, सगळे गेले. मग उधाणाच्या भरतीला उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, उघडायची, खाडीचं पाणी मोठ्या तळ्यात घ्यायचं आणि वरून फळी पाडून ती बंद करायची. ते तापायचं. तापलं की पुढच्या वाफ्यात, तिथे आटलं की त्याच्या पुढच्या, प्रत्येक वाफ्याला पाणी जड होत जायचं, बोट बुडवून चाखलं की कळायचं, आज नाही, उद्या. आणि मग एके दिवशी दुपारी पाण्यावर साय धरायची. दुधावर धरते तशी. वारा आला की ती साय एका बाजूला सरकायची आणि चर्रर्र असा बारीक आवाज यायचा, सबंध आगरभर — तो आवाज ऐकलेली मी शेवटची बाई आहे, परेश, पनवेलच्या खाडीवर. माझ्यामागे तो आवाज नाही.

मग लाकडी फावड्याने ओढायचं, बांधावर ढीग घालायचे. पांढरे ढीग, ओळीने. होळीच्या पुनवेला ते असे दिसायचे की बाहेरच्या माणसाला वाटावं, गावात लग्न आहे आणि मांडव घातलेत. माझ्या सासऱ्यांनी खणलेलं आगर ते! खाजणाला बांध घालून, समुद्राच्या तोंडातून काढलेलं. मी तिथे नववधू म्हणून गेले आणि विधवा होऊन बाहेर आले. आणि ही बरणी बघतोस ना, तुझ्या मोबाईलशेजारची, यात त्याच आगराचं शेवटचं मीठ आहे. तुझ्या बायकोने परवा पिशवीतलं मीठ आणून दिलं मला, पांढरंफेक, पिठासारखं. मी साबिराला देऊन टाकलं. या वेणूच्या घरात दुकानाचं मीठ कधी आलेलं नाही आणि येणार नाही. बरणी संपली की अळणी खाईन. तळ दिसायला लागलाय, म्हणून चिमटीने घालते. कालच्या बोंबलात तेच होतं — बोटं चाटत होतास ना, मग?

आणि तुला एक सांगते, जे तुला आठवत नसेल. शेकाट्याचा वाफा. शेकाट्या रे, लांब लाल पायांचा, काळ्या पंखांचा, काड्यांवर चालल्यासारखा चालतो तो. उन्हाळ्याच्या शेवटी तो अंडी घालायचा. कुठे? तर आपल्याच आगरात, वाफ्याच्या बांधावर, उघड्यावर, मातीच्या ढेकळांसारखी दिसणारी अंडी. आमचे हे एकदा एका वाफ्यात फावडं घेऊन उतरले, नुकतं लग्न झालेलं, मला दाखवायचं होतं त्यांना, बघ किती ओढतो ते — आणि सासऱ्यांनी लांबून हाक मारली, 'काळूराम! तो वाफा सोड. तो त्याचा हाय.' त्याचा म्हणजे पक्ष्याचा! ज्या वाफ्याच्या बांधावर शेकाट्या बसला तो वाफा त्या वर्षी सोडायचा, त्यातलं मीठ ओढायचं नाही, मग ते कितीही झक्क धरलेलं असो. पावसात विरघळून परत खाडीत जायचं. दरसाल एखादा-दुसरा वाफा असा जायचा. मी विचारलं होतं सासऱ्यांना, नवी सून असून विचारलं, मामंजी, हे कशापायी? ते म्हणाले, आमी त्याच्या जागेत हाव, तो आमच्या जागेत नाय. एवढंच. कुठला नियम वाचला होता त्यांनी? कुठली समिती आली होती? आणि त्या माणसाच्या आगराला आज नियम म्हणतो, वगळून.

तू मान डोलावतोस फक्त. बोल ना काहीतरी. एरवी एवढ्यात चार वेळा म्हणाला असतास, आते, ते सगळं ठीक, पण मुद्द्याचं बोल.

बरं, मुद्द्याचं. तुला वाटतं, आते खोटं बोलू शकत नाही. सगळ्या गावाला तेच वाटतं. का वाटतं, ते तुला तरी माहीत आहे ना? तुझ्या बापाचं आणि शेजारच्या पाटलांचं बांधावरून भांडण झालं तेव्हा मला साक्षीला उभी केली होती, सख्खा भाऊ माझा, आणि देवळासमोर सगळ्यांच्या देखत मी सांगितलं, दादा, ती पट्टी त्यांचीच आहे, मी लहानपणापासून बघत आले. तुझा बाप मरेपर्यंत माझ्याशी बोलला नाही. मरताना मात्र तुला माझ्या ओटीत टाकून गेला — म्हणाला, वेणू खोटं बोलत नाय, हिच्याकडे राहू दे पोराला. पोटचं नव्हतं मला, तूच होतास. तेव्हापासून गावात कुणाची काही कटकट झाली की म्हणायचे, वेणूला विचारा. सरपंचापेक्षा माझ्या शब्दाला वजन होतं! आणि आज त्याच वजनाचा धोंडा करून तू तळ्यावर टाकायला निघालास. चांगलं आहे. बापाची पट्टी वसूल झाली.

शबनम आली होती सकाळी. तिने काय मागितलं असेल? ओळख. तुझ्या उलट! म्हणाली, आजी, तुम्ही एवढंच म्हणा ना, की इथे मीठ कधीच नव्हतं. खाजणच होतं. म्हणजे तळं वाचेल. रडत होती पोर. आणि मी तिला काय म्हटलं? म्हटलं, चल चालती हो, तुझ्या पक्ष्यांसाठी मी माझ्या सासऱ्यांना पुसून टाकू? माझा नवरा काय हवेत फावडं मारत होता? माझ्या टाचा बघ, म्हटलं, या कशाने फाटल्यात! दार लावून घेतलं तिच्या तोंडावर. साबिरा खालून नेहमी वाटीभर काहीतरी पाठवते शुक्रवारी, आज नाही आली वाटी. तर बघ, ज्यांचं मला पटतं ते मला खोटं बोल म्हणतात, आणि ज्याचं पटत नाही तो म्हणतो, खरं सांग. कुठे जाऊ मी? लिफ्ट बंद.

गॅलरीत जाते कधी कधी, तर तिथे तुझी जाळी. कबुतरं येतात म्हणून लावलीस. कबुतरं बाहेर मजेत असतात, आत मी असते. त्या जाळीच्या एका चौकोनातून, दोन बिल्डिंगांच्या मधून, आपलं तळं दिसतं. एवढंसं. ओहोटीला राखाडी, भरतीला चकाकतं. थंडी सुरू झाली की त्यात गुलाबी पट्टा येतो, रोहित आले की. मी तिथे स्टुलावर बसते आणि तुझी बायको खाली सांगते, आत्याबाईंना वेड लागलंय, दिवसभर जाळीला डोळे लावून बसतात. वेड नाही लागलेलं. मी मोजत नाही, नावं घेत नाही इंग्रजीत, मला फक्त बघायचं असतं ते आहेत की नाहीत. ह्यांच्या जागेवर उभे असतात ते. अगदी ह्यांच्या जागेवर, मधल्या वाफ्यात, एक पाय वर घेऊन. आमचे हेसुद्धा दमले की फावड्यावर रेलून असेच एका पायावर उभे राहायचे — हसू नकोस. नाही हसलास? मग तोंडावर हात का नेलास?

तुला वाटतं का ते आपोआप झालं? ते पाणी? ते पक्षी? तू किती शोधलीस ती उघाडीची फळी, आठवतं? भरावाचं काम घेतलंस आणि पहिल्यांदा म्हणालास, उघाडी बंद करू, भरती आत यायची थांबली की तळं वाळेल, मग कुणी पाणथळ म्हणणार नाही. माणसं पाठवलीस फळी पाडायला, आणि फळीच नाही! म्हणालास, वाहून गेली असेल. गोणी टाकल्यास, गोणी उधाणात फुटल्या. अरे सागवानाची फळी, सासऱ्यांनी तासून घेतलेली, ती कशी वाहून जाईल? दिवाळीला पहिल्या आंघोळीला ज्या पाटावर बसवून तुला उटणं लावलं, तो पाट कसला होता? एवढा जाड, एवढा लांब, कधी मनात आलं नाही? उचलताना म्हणालास, आते, पाट आहे की दरवाजा. — हं. आता बघ कसा चेहरा झाला. मीच काढली ती. हे गेले त्या वर्षी. एकटीने आगर चालत नव्हतं, मीठ घ्यायला कुणी येत नव्हतं, आत पाणी कुजायला लागलं होतं, वास मारायचा. मी गेले, गुडघे चांगले होते तेव्हा, चिखलात मांडीपर्यंत उतरले आणि फळी उपसून काढली. म्हटलं, बाबा, तुझं होतं, घे परत. आणि भरती आली. आली ती धावत नाही आली बरं का, आधी दारात थांबली, पाहुण्यासारखी, मग हळूच आत. पहिल्या वर्षी चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या आल्या, मग बगळे, मग तुतारी पक्षी, आणि तिसऱ्या थंडीत एका सकाळी बांधावर गेले तर सगळं गुलाबी. मी तिथेच बसले खाली. चपला हातात तशाच.

म्हणून म्हणते, मिठागर ते होतंच, माझंच होतं, त्यात माझी उमर गेली, आणि मीच ते समुद्राला परत दिलं, माझ्या या हातांनी, हे कुठल्या नियमात बसतं ते समितीला विचार! खाजण, मिठागर, परत खाजण — माणसाने सोडलेली जागा कुणाची होते, यासाठी एक तरी शब्द आहे का त्यांच्याकडे? मी उद्या तेच सांगणार. सगळं सांगणार, पहिल्यापासून, शेकाट्याच्या वाफ्यासकट. ऐकतील. मोठी माणसं आहेत, शिकलेली आहेत, सगळं ऐकल्यावर —

— तो मोबाईल थरथरतोय बघ तुझा. बरणी वाजायला लागली. घे ना. काय, बसल्या जागी हात पुरत नाही? थांब, मी देते. पार्टीचाच मेसेज असेल, काय म्हणाली म्हातारी, बोलली का —

हे काय आहे?

हे लाल टिंब कसलं, परेश? आणि हे आकडे का पळतायत? — हात मागे घे. मोबाईल माझ्या हातात आहे, माझ्याच हातात राहील. सोड मनगट. सोड म्हणते ना! — मला वाचता येतं हां, गोणीवरचं वाचत आले, हेही येतं. हे चालू आहे. कधीपासून? उपडा टाकलास तेव्हापासून? म्हणून गप्प बसलास. म्हणून विसरलास, मीठ कसं पिकायचं ते. आणि मी... मला वाटलं, पोर ऐकतंय.

सगळं आलं यात? तुडवण आली? मिठाच्या सायीचा आवाज, तो पण आला? मामंजी आले? फळी आली — फळी मी काढली म्हणून पाणी आलं, समुद्राने नाही आणलं, ते पण माझ्याच तोंडून आलं. म्हणजे आता उद्या मी आले नाही तरी चालेल तुला. गुडघे धरलेत म्हणून सांगायचं आणि हे लावायचं. साऱ्या गावाला माहीत आहे वेणू खोटं बोलत नाही. सगळं कसं, खरं. एक शब्द खोटा नाही यात. नाय. एक बी शब्द खोटा नाय.

वकिलाने शिकवलं का हे, की तुझं तुला सुचलं? — बोलू नकोस, गप्प होतास ते बरं होतं. 'सगळं ऐकल्यावर' म्हणत होते ना मी? काही ऐकणार नाहीत. त्यांना एवढंच हवं असतं, होय की नाही, त्यांच्या कागदात तेवढीच जागा असते. मामंजींचा वाफा तिथे मावत नाही. सकाळी ती पोर रडत होती ती उगाच नाही, तिला कळलं होतं, मला कळायला तुझा मोबाईल लागला.

मला ती बरणी दे. — नको, मीच घेते. बाजूला हो. दारात बसलायस तर बस, मला बाहेर जायचं नाही, मोरीपर्यंत जायचंय. हे बघ, झाकण. वास घे. नाही घ्यायचा? मिठाला वास नसतो म्हणतात लोक, या मिठाला आहे, गाळाचा, उन्हाचा, मला येतो. एवढंच उरलंय. खाडीवर ढीग होते आमचे, आणि आता एवढंच, मुठीएवढं. हे तू उद्या पुढे ठेवलं असतंस ना? साहेब, हे बघा, आगराचं मीठ, अजून घरात आहे. ठेवलं असतंस. तुला मी वाढवलाय, मला कळतं तू काय करशील.

नळ सोडला बघ. — ओरडू नकोस. कशाला हात धरतोस, तुझं काय जातंय, तुझ्या घरात तर पिशवीतलं असतं. खडे मीठ आहे, वेळ लागतो विरघळायला, थांब जरा. बोटाने फिरवावं लागतं. — गेलं. बघ, गेलं. पाणी कसं स्वच्छ दिसतंय.

आता ऐक. उद्या मी येणार. खुर्चीत बसवून नाही, कठड्याला धरून, बसत बसत उतरेन, आणि साबिराच्या दारावर थाप मारेन जाता जाता. तू हे ऐकव त्यांना, खुशाल ऐकव. ते विचारतील, बाई, हा आवाज तुमचा का? मी म्हणेन, माझाच. भाचा रात्रंदिवस पैशापाण्याच्या चिंतेत असतो, येऊन बसला होता, त्याला रमवायला गोष्टी सांगत होते, जशा टोपलीत असताना सांगायची. म्हातारी बाई, वेड लागलंय, जाळीला डोळे लावून बसते, याच्या बायकोला विचारा. कागद आहे का? नाही. बांध आहे? नाही. बरणी? कसली बरणी? मग तू उठून सांग समितीला, की माझी आत्या खोटं बोलते. देवळासमोर सख्ख्या भावाविरुद्ध खरं बोललेली माझी आत्या खोटं बोलते. बघू कोण मानतं. आणि संध्याकाळी मला या घरात परत घ्यायचं की नाही ते तुझं तू ठरव, पाट तेवढा माझा आहे, तो साबिराकडे ठेवून देईन.

मामंजी, माफ करा. — तुला नाही म्हटलं. तुला काही म्हटलं नाही.

हा घे तुझा मोबाईल. टिंब अजून लालच आहे ना? मग धर इकडे, माझ्या तोंडाजवळ धर, नळाच्या आवाजात नीट ऐकू यायला हवं — साहेब, मी वेणू काळूराम, पुऱ्या शुद्धीत सांगते, माझ्या घरात मीठ जन्मभर दुकानातूनच आलेलं आहे.